सिंगापूरचा दाखला

गेल्या दिवाळीत कराडला तात्यांच्या ओसरीवर जो वाद झाला, तो इथे सिंगापूरला परत येऊन कित्येक महिने उलटले तरी माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. फराळाची ताटे पुढे असतानाच त्यांनी सांगून टाकले की देशातल्या प्रत्येक मुलाला अठराव्या वर्षी दोन वर्षे सक्तीने सैन्यात धाडले पाहिजे, म्हणजे मोबाइलमध्ये मान घालून बसलेली ही पिढी सरळ होईल, रस्त्यावर कोणी थुंकणार नाही आणि ऊठसूट मोर्चेही निघणार नाहीत. मग माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "सिंगापूर बघा. ह्याला विचारा." मला मात्र कोणी काहीच विचारले नाही. माझा दाखला दिला गेला आणि बोलणे पुढे सरकले.

मला विचारले असते तर मी काय सांगितले असते, ते इथे लिहितो.

मी सहावी कराडच्या मराठी शाळेत पूर्ण करून वडिलांच्या नोकरीमुळे इथे आलो. वडिलांनी पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, घेतला, आणि पीआर घेतलेल्या घरातल्या मुलाला एनएस, म्हणजे इथली सक्तीची लष्करी सेवा, चुकत नाही. २००६ साली, अठरा वर्षांचा असताना आणि खिशात भारतीय पासपोर्ट असताना, मी टेकाँग या लष्करी प्रशिक्षणाच्या बेटाकडे जाणाऱ्या बोटीत बसलो. आई-वडील पहिल्या दिवशी सोबत होते. त्यांनी तिथल्या भोजनालयात माझ्याबरोबर जेवण केले आणि दुपारच्या बोटीने ते परत गेले. संध्याकाळी माझे डोके भादरलेले होते आणि मी 'सेदिया' म्हटल्यावर सावधान व्हायला शिकत होतो. कवायतीचे सगळे हुकूम मलय भाषेत असतात. माझ्या खोलीत होक्कीन ही चिनी बोली बोलणाऱ्या टॅक्सीचालकाचा मुलगा होता, मोठ्या वकिलाचा मुलगा होता, यिशुनचा एक मलय मुलगा होता आणि मी होतो. त्या वकिलाच्या मुलाला स्वतःचे कपडे धुता येत नव्हते, आणि टॅक्सीचालकाच्या मुलाने त्याला ते शिकवले. तात्या ज्याला शिस्त म्हणतात, ती तिथे मिळते हे खरे. पण ती गणवेश उतरवला की दोन महिन्यांत उतरते. वर्षानुवर्षे मागे राहते ती ही जाणीव, की वकिलाचा मुलगा आणि टॅक्सीचालकाचा मुलगा यांना त्या बेटावर एकाच मापाची खाट मिळाली होती.

आणि सिंगापूरने सक्ती आणली ती मुलांना वळण लावण्यासाठी नव्हे. १९६५ च्या ऑगस्टमध्ये हा देश मलेशियापासून वेगळा झाला तेव्हा त्याच्याकडे पायदळाच्या अवघ्या दोन पलटणी होत्या. इंग्रज आपले तळ गुंडाळणार हे दिसू लागले होते आणि पिण्याचे पाणीसुद्धा जोहोरहून येत होते. १९६७ मध्ये एनएस सुरू झाली ती या भीतीतून. सातारा जिल्ह्याचे क्षेत्रफळ दहा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. सिंगापूर त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेही नाही आणि इथली वस्ती साठ लाखांच्या आसपास आहे. एवढ्याशा जागेला कायमचे मोठे सैन्य पोसणे परवडत नाही, म्हणून तिने प्रत्येक घराकडून थोडा थोडा सैनिक मागून घेतला. भारतात दरवर्षी दोन कोटींहून अधिक मुलेमुली अठरा वर्षांची होतात, आणि भूदलाचे सगळे संख्याबळच बारा लाखांच्या घरात आहे. त्या दोन कोटींना बराकी कोण बांधून देणार, शिकवणार कोण, आणि मुख्य म्हणजे कशासाठी, याचे उत्तर ओसरीवर कोणाकडेच नव्हते. राहता राहिला रस्त्यांचा प्रश्न. इथले रस्ते स्वच्छ दिसतात ते पहाटे पाच वाजता झाडू घेऊन निघणाऱ्या माणसांमुळे, आणि त्यांतले कित्येक माझ्या आजोबांच्या वयाचे असतात किंवा बांगलादेशातून आलेले असतात. त्यांचा एनएसशी काही संबंध नाही.

तात्यांच्या बोलण्यात जी गोष्ट कधीच येत नाही, ती म्हणजे परत येणे. दोन वर्षे पूर्ण झाल्यावर मी घरी आलो, विद्यापीठात गेलो, नोकरीला लागलो. आणि त्यानंतर जवळजवळ दरवर्षी बोलावणे येत राहिले. वर्षाला जास्तीत जास्त चाळीस दिवस, अशा दहा वर्षांच्या फेऱ्या. बोलावणे आले की मी कार्यालयात कळवतो, आणि माझी खुर्ची माझीच राहते. त्या दिवसांचा माझा जो पगार बुडेल तो सरकार भरून देते, त्यामुळे साहेबाला कुरकुर करायला जागा उरत नाही. दर वर्षी दंड आणि सिट-अप मोजले जातात आणि २.४ किलोमीटर धावावे लागते. या चाचणीची मुदत म्हणजे ज्याचा त्याचा जन्मदिवस. तो जवळ आला की आमच्या ब्लॉकखाली रात्री दहा वाजता धापा टाकत पळणारे चाळिशीकडे झुकलेले पुरुष दिसू लागतात, आणि ते कशासाठी पळत आहेत हे कोणालाही विचारावे लागत नाही. सैनिक होणे आणि सैनिकपण बाजूला ठेवून पुन्हा कामावर जाणे, या दोन्ही गोष्टींची तजवीज एकाच कायद्यात आहे. ही दुसरी अर्धी बाजू गाळून जो सिंगापूरचा दाखला देतो, त्याला केवळ शिक्षा हवी असते, आणि तीही दुसऱ्यांच्या मुलांना.

मी हे कडवटपणे लिहितो आहे याची मला जाणीव आहे. तात्यांच्या स्वतःच्या घरात या प्रश्नाने काय केले ते मी पाहिले आहे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून एका वर्षाने मोठा. आमच्या भागात सैन्याचे वेड लहानपणापासून असते. साताऱ्याजवळचे आपशिंगे तर 'मिलिटरी आपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते; पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. मी टेकाँगवर नाइलाजाने पळत होतो त्याच वर्षी माझा भाऊ पहाटे चारला उठून कृष्णेकाठच्या रस्त्यावर १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत बसवण्याचा सराव करत होता. तो तीनदा भरतीला गेला. मैदानात उतरला, नऊ फुटांचा खड्डा ओलांडला, दहा बीम (पुल-अप) काढले आणि तरी तिन्ही वेळा यादीत त्याचे नाव आले नाही. मग वय निघून गेले. ज्याला जायचे होते त्याला घेतले नाही आणि ज्याला जायचे नव्हते त्याला सोडले नाही, हे आम्ही दोघांनी एकमेकांशी आजवर कधी बोललेलो नाही.

आता तात्यांचा नातू, माझ्या चुलतबहिणीचा मुलगा, अग्निवीर आहे. १४ जून २०२२ रोजी योजना जाहीर झाली तेव्हा त्याची आई रडली होती, कारण चार वर्षांनंतर शंभरांतल्या जास्तीत जास्त पंचवीस जणांनाच कायम करणार, असे त्यात होते. उरलेल्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी मिळतो, आणि त्यातला अर्धा वाटा त्यांच्याच पगारातून कापलेला असतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी राखीव जागाही जाहीर झाल्या आहेत. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. माझा भाऊ या योजनेला कंत्राटी सैन्य म्हणतो आणि तात्या तिला मुलांचे भले म्हणतात, आणि दोघेही आवाज चढवून बोलतात. थोड्या मुदतीसाठी सैनिक होण्यात कमीपणा आहे, हे भावाचे म्हणणे मला मान्य नाही. मी स्वतः थोड्या मुदतीचा सैनिक आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण माझी खुर्ची माझ्यासाठी राखलेली होती. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी गणवेश उतरवून कराडच्या स्टँडवर उतरणाऱ्या मुलासाठी कोणी खुर्ची राखली आहे, हा प्रश्न त्या दिवशी ना तात्यांनी विचारला, ना भावाने.

आणि असे काही भारतात नव्हतेच, असेही नाही. प्रादेशिक सेना (टी.ए.) १९४९ पासून आहे. शिक्षकाने, शेतकऱ्याने, दुकानदाराने आपला धंदा सांभाळून वर्षातले काही दिवस सैनिक व्हावे, हीच तिची कल्पना. बोलावणे संपल्यावर मालकाने त्याला पुन्हा कामावर घ्यावे, अशी तरतूद १९४८ च्या कायद्यातच आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ वी टी.ए. पलटण कोल्हापूरला असते. कराडहून कोल्हापूर दीड तासाच्या वाटेवर आहे, आणि तात्यांना सिंगापूर आठवते. मी हे ओसरीवर बोलून दाखवले तेव्हा माझ्या आवाजात 'आमच्याकडे असे नसते' असा जो सूर उतरला, तो माझा मलाच ऐकू आला. माझी बहीण उठून आत गेली.

या व्यवस्थेची किंमत मी तात्यांना सांगितली नाही. २०१९ च्या जानेवारीत न्यूझीलंडमधल्या सरावात, माझ्यासारखाच फेरीवर गेलेला एक तरुण अभिनेता तोफेच्या गाडीत चिरडला जाऊन मरण पावला. त्या आठवड्यात माझी आई रोज दोनदा फोन करून मी कुठे आहे ते विचारत होती, आणि मी कार्यालयातच होतो. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. बारा वर्षांनी त्याला बोलावणे येईल. तो मराठी समजतो पण उत्तर इंग्रजीत देतो, आणि 'सेदिया' हा शब्द मात्र त्याने राष्ट्रीय दिनाचे संचलन पाहून आपसूक उचलला आहे.

गेल्या महिन्यात माझी शेवटची फेरी झाली. २००८ मध्ये जे एन्चिक, म्हणजे वॉरंट ऑफिसर, आमच्यावर ओरडत असत ते केव्हाच निवृत्त झाले, आणि पलटणीतले बहुतेक जण आता टकलावर टोपी सांभाळतात. रात्री पहाऱ्यावर बोलणे होते ते फ्लॅटच्या किमतींचे, मुलांच्या पीएसएलई या सहावीच्या परीक्षेचे, नोकरकपातीचे. हा देशही बदलतो आहे: मुलेच कमी जन्मतात, २०२३ मध्ये जननदर एकाच्या खाली गेला, आणि माणसे कमी पडली की ती बाहेरून आणावी लागतात. या सगळ्याचा राग बाहेरून आलेल्यांवर निघतो. भारताशी २००५ मध्ये झालेल्या आर्थिक सहकार्य करारावरून 'सीईसीए' ही इथे शिवी झाली आहे, आणि ती कोणाला उद्देशून असते ते आम्हा सगळ्यांना कळते. त्या रात्री टॅक्सीचालकाचा तोच मुलगा, जो आता स्वतः ग्रॅब या अ‍ॅपची टॅक्सी चालवतो, चांगीकडच्या नव्या भारतीय वस्तीबद्दल बराच वेळ बोलत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, तू वेगळा आहेस, तू सर्व्ह केलेस.

मला बरे वाटले. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी खरोखरच बरे वाटले. त्याच आठवड्यात आमच्या कार्यालयात पुण्याहून आलेला एक मुलगा रुजू झाला होता. बुजलेला होता, मराठी ऐकून त्याचा चेहरा उजळला होता. त्याच्या बाजूने मी त्या रात्री एक वाक्यही बोललो नाही. दोन वर्षांची ती खाट आणि नंतरच्या दहा वर्षांच्या फेऱ्या यांचे एक प्रमाणपत्र मी खिशात बाळगून असतो, आणि त्याचा उपयोग मी देश राखण्यापेक्षा स्वतःला राखण्यासाठीच अधिक वेळा केला आहे. नोकरीच्या मुलाखतीत, शेजाऱ्यांशी पहिल्या ओळखीत, टॅक्सीत बसल्यावर, कुठेही कोणी माझा रंग पाहून कुठून आलास असे विचारले की मी आधी पलटणीचे नाव सांगतो.

आणि मग तात्यांवरचा माझा राग नेमका कशाचा आहे, तेही सांगितले पाहिजे. त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर, आजोबांच्या तसबिरीशेजारी, नातवाचे गणवेशातले छायाचित्र हार घालून लावलेले आहे. २००६ मध्ये माझे पहिले संचलन झाले तेव्हा आईने माझेही छायाचित्र कराडला पाठवले होते. दिवाळीच्या त्या संध्याकाळी, वाद संपल्यावर, मी काकूंना ते कुठे आहे म्हणून विचारले. त्यांनी लोखंडी कपाटातून, लग्नाच्या पत्रिकांच्या गठ्ठ्याखालून, ते पाकिटासकट काढून दिले. तात्या तिथेच होते. चष्मा लावून त्यांनी ते नीट पाहिले, माझ्या हातात परत दिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "छान आहे रे. पण तो गणवेश दुसऱ्या देशाचा आहे. भिंतीवर कसा लावणार?"

मला काही बोलता आले नाही, कारण त्यांचे बरोबर होते. मी २००९ मध्ये भारतीय पासपोर्ट परत केला आणि उजवा हात वर करून जी शपथ घेतली, तीत परक्या देशाची निष्ठा सोडल्याचे शब्द होते. त्या शब्दांचा अर्थ कराड असाही होतो हे मला त्या खोलीत उभे राहिल्यावर कळले. मी ते छायाचित्र इथे घेऊन यायचे ठरवले होते. निघताना काकूंनी विचारले तेव्हा मी म्हणालो, राहू द्या तुमच्याकडेच, आणि त्यांनी ते पुन्हा पत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवले.