रटाळ, पण तीन गुण

आर्सेनलने 17 ऑगस्ट 2025 ला, रविवारी, ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला 1-0 असं हरवून प्रीमियर लीगचा नवा हंगाम सुरू केला. उत्तर लंडनमध्ये मी राहते त्या भागात त्या संध्याकाळी लोक पबच्या दारात एकमेकांना मिठ्या मारत होते. कोल्हापूर-पुण्याहून मला आलेले निरोप मात्र बहुतेक नाराजीचे. ‘हा काय खेळ झाला?’ ‘त्यांच्या गोलरक्षकानं, बायंदिरनं गोल दिला, आपण कुठं केला?’ ‘युनायटेड जास्त चांगली खेळली, एवढं तरी कबूल कर.’ माझ्या मावसभावाने तर कहरच केला. त्याचं म्हणणं, असलं जिंकण्यापेक्षा मनसोक्त खेळून 3-3 बरोबरी झाली असती तरी चाललं असतं. त्या एका वाक्यावरून आमचं फोनवर भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. त्याला जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहिते आहे.

सामना रटाळ झाला, हे मला मान्यच आहे. तेराव्या मिनिटाला डेक्लन राइसचा कॉर्नर आला, युनायटेडचा गोलरक्षक अल्ताय बायंदिर आर्सेनलच्या विल्यम सलिबाच्या मागे अडकला, बॉलला त्याचा हात धड लागला नाही आणि रिकार्डो कालाफिओरीने अगदी गोलच्या तोंडाशी डोकं लावलं. झाला गोल. त्यानंतरचा जवळजवळ सगळा वेळ आर्सेनल बचाव करत होतं. युनायटेडने गोलच्या दिशेने 22 फटके मारले, आर्सेनलने 9. पॅट्रिक डोर्गूचा फटका खांबाला लागून परतला. डेव्हिड राया गोलमध्ये नसता तर आज मी वेगळाच लेख लिहीत असते. आणि ज्याच्यासाठी आम्ही उन्हाळाभर वाट पाहिली तो व्हिक्टर ग्योकेरेस, स्पोर्टिंग लिस्बनकडून गेल्या हंगामात 54 गोल करून आलेला, तासाभराने बाहेर आला तो एकही फटका न मारता.

तरीही मला तो विजय हवा होता, अगदी तसाच. कारण सांगते.

गेल्या हंगामाचा गुणतक्ता पाहा. लिव्हरपूल 84 गुणांनी पहिले, आर्सेनल 74 गुणांनी दुसरे. हरलेले सामने दोघांचेही चारच. लिव्हरपूलने 25 जिंकले, 9 बरोबरीत सोडवले; आर्सेनलने 20 जिंकले, 14 बरोबरीत सोडवले. म्हणजे दहा गुणांचं ते सगळं अंतर पाच बरोबऱ्यांचं आहे, पराभवांचा त्यात काही वाटा नाही. आणि त्यातली एक बरोबरी याच ओल्ड ट्रॅफर्डवरची, मार्चमधली, 1-1. त्याआधीच्या हंगामात आर्सेनलने 89 गुण मिळवूनही मँचेस्टर सिटी 91 वर होती, त्याच्याही आधी 84 ला 89. ओळीने तीन वर्षं दुसरा क्रमांक. ज्या संघाला असे काठावरचे सामने जिंकता आले नाहीत म्हणून किताब हुकला, त्याने पहिल्याच दिवशी एक काठावरचा सामना जिंकला, यापेक्षा मला काय हवं?

चांगलं खेळून हरणं कसं असतं तेही याच वर्षी पाहिलंय. जानेवारीत एफए कपमध्ये हेच युनायटेड एमिरेट्सवर, म्हणजे आर्सेनलच्या मैदानावर, आलं होतं. त्यांचा एक खेळाडू लाल कार्ड घेऊन गेला, आर्सेनलने दहा जणांविरुद्ध तासभर हल्ले केले, आणि याच बायंदिरने आधी मार्टिन ओडेगार्डची पेनल्टी अडवली, मग टायब्रेकरमध्ये काई हावर्ट्झची. आर्सेनल बाहेर. त्या रात्री मावसभावाचा फोन आला नव्हता. ‘छान खेळलो’ म्हणून आनंद साजरा करावा असं त्यालाही वाटलं नव्हतं.

तिकडची नाराजी कुठून येते हे मला ठाऊक आहे, कारण मीही तिथूनच आले. आमच्या पिढीने आर्सेनल निवडलं ते प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांच्या काळात. टीव्हीवर थिएरी ऑन्री डावीकडून आत येताना दिसला, डेनिस बर्गकाम्पने बॉल पायाशी असा थांबवला की घरातले फुटबॉल न कळणारेही बघत राहिले, आणि आम्ही त्या संघाचे झालो. 2003-04 चा तो न हरलेला हंगाम, 26 विजय आणि 12 बरोबऱ्या, आमच्या लहानपणीचा. त्यानंतर 2025 पर्यंत तरी आर्सेनलला लीग किताब मिळालेला नव्हता. आम्ही गावामुळे, घराण्यामुळे आर्सेनलचे झालो नाही, देखण्या खेळामुळे झालो. तो देखणेपणा गेला की आम्हाला फसवल्यासारखं वाटतं.

माझ्या खालच्या मजल्यावर राहणारे निवृत्त बसचालक जन्मापासून आर्सेनलचे. त्यांचं आर्सेनल वेंगर यांच्या आधीचे प्रशिक्षक जॉर्ज ग्रॅहॅम यांचं. 1990-91 मध्ये त्या संघाने अख्ख्या हंगामात 18 गोल खाल्ले, एकच सामना गमावला आणि किताब जिंकला. 1994 मध्ये कोपनहेगनला पार्माविरुद्ध कप विनर्स कपचा अंतिम सामना, ॲलन स्मिथचा एक गोल, आणि मग उरलेला वेळ नुसता बचाव. हे गृहस्थ तिथे होते. आर्सेनलचे लोक ‘वन-निल टू दी आर्सेनल’ गातात ते त्या काळापासून. ‘बोअरिंग, बोअरिंग आर्सेनल’ असं चिडवायला येणारे प्रतिस्पर्धी त्यांनी वर्षानुवर्षं ऐकले आणि मग तीच घोषणा आपली म्हणून उचलली. रविवारी जिन्यात भेटले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी त्यांच्याकडे 4-0 नंतरही पाहिलेलं नाही.

यावर मावसभाऊ म्हणतो, ‘ते लोक तिथले आहेत, त्यांचं वेगळं.’ मला नेमकं हेच पटत नाही.

ओल्ड ट्रॅफर्ड नावाची मँचेस्टरमध्ये दोन मैदानं आहेत, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. या सामन्याच्या तीनच आठवडे आधी क्रिकेटच्या ओल्ड ट्रॅफर्डवर भारताने चौथी कसोटी वाचवली. इंग्लंडची आघाडी 311 धावांची, आपले दोन गडी शून्यावर बाद, आणि तिथून पुढे 143 षटकं खेळून 4 बाद 425. शेवटच्या तासाला बेन स्टोक्स हात मिळवायला आला तेव्हा जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर शतकाजवळ होते. त्यांनी नकार दिला, दोघांनी शतकं पुरी केली, मग सामना संपला. माझ्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी ‘काय हा कंटाळा’ असा सूर होता. मी तावातावाने भांडले. मावसभाऊसुद्धा फोनवर भरभरून बोलला: हीच खरी कसोटी, टिच्चून उभं राहण्यात खेळाची शान आहे, ज्यांना हे कळत नाही त्यांना क्रिकेट कळत नाही. मुंबईच्या खडूस क्रिकेटचा दाखलाही त्यानेच दिला, 42 रणजी करंडक काही षटकार मारून आले नाहीत म्हणाला. हे सगळं त्याने मनापासून म्हटलं आणि मला ते मनापासून पटलं.

मग तीन आठवड्यांत काय बदललं? भारताचा संघ त्याचा आहे. आर्सेनल त्याला अजून पुरतं त्याचं वाटत नाही.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तो असं कधीच बोलत नाही. पाटाकडील आणि शिवाजी या तिथल्या संघांचा सामना ज्यांनी तिथे बसून पाहिलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. धुळीने भरलेल्या मैदानावर, शेवटच्या दहा मिनिटांत, गर्दीतून कुणाच्या तरी गुडघ्याला लागून बॉल आत गेला तरी आख्खी पेठ रस्त्यावर येते, गुलाल उडतो, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर त्या गुडघ्याचं कौतुक चालतं. माझे वडील मला घेऊन जायचे. परतताना ते कधी ‘मजा नाही आली’ असं म्हणाले आणि त्या दिवशी आमच्या तालमीचा संघ जिंकलेला होता, असं मला एकदाही आठवत नाही.

‘तिथे राहणाऱ्यांचं वेगळं’ हे मी का मोडून काढते त्याचं आणखी एक कारण आहे. आम्ही इथे मैदानाशेजारी राहतो म्हणून आम्हाला संघ जास्त कळतो, असा भाव परदेशातल्या आपल्या लोकांच्या बोलण्यात हमखास येतो, आणि तो मला अजिबात आवडत नाही. एमिरेट्सच्या सीझन तिकिटाला हजार पौंडांहून जास्त लागतात आणि त्याची प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची. मी बहुतेक सामने पडद्यावरच पाहते. त्यातही ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी तीनचे सामने टीव्हीवर दाखवायला बंदी आहे, लोकांनी छोट्या क्लबांच्या मैदानांवर जावं म्हणून. तोच सामना कोल्हापुरात रात्री साडेसातला, हिवाळ्यात साडेआठला, मोबाइलवर सरळ दिसतो. म्हणजे हंगामभरात मावसभाऊ माझ्यापेक्षा जास्त आर्सेनल पाहतो. दोन दशकं पाहतोय. त्याचा हक्क माझ्याहून तसूभर कमी नाही. मग त्याने पाहुण्यासारखं का वागावं? पाहुण्याला पंगतीत गोडधोड हवं असतं, घरचा माणूस शिळ्या भाकरीवरही रात्र काढतो.

मे महिन्यात लिस्बनला आर्सेनलच्या महिला संघाने बार्सिलोनाला हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, तीही 1-0. बॉल बहुतांश वेळ बार्सिलोनाकडे होता. बदली म्हणून आलेल्या स्टिना ब्लॅकस्टेनियसने चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला गोल केला आणि बाकीच्या मुलींनी शेवटपर्यंत दार लावून धरलं. त्या विजयाला मावसभावासह सगळ्यांनी ‘जिगरबाज’ म्हटलं. बरोबरच होतं. रविवारी राया, सलिबा आणि गॅब्रिएल यांनी जे केलं तेही त्याच जातीचं होतं.

आता त्याच्या तक्रारीतला खरा भाग. कॉर्नरवरचा गोल म्हणजे नशीब, हे मी मुळीच मानत नाही. निकोला जोव्हर 2021 पासून या संघाचे कॉर्नर आणि फ्री-किक बसवतात; 2023-24 मध्ये लीगमधले 16 गोल कॉर्नरवरून आले. गोलरक्षकाच्या पुढे कोण उभं राहणार, दूरच्या खांबाकडे कोण धावणार, हे सरावात घोटून घेतलेलं असतं. पण तेराव्या मिनिटानंतर मधली फळी बॉल ठेवूच शकली नाही, ही गोष्ट काळजीची आहे. मार्टिन सुबिमेंडीला त्यासाठीच आणलंय, आणि पहिल्या सामन्यात त्याचे पास चुकत होते. ग्योकेरेस पुढे एकटा पडला. बचावपटूंनी लांब मारलेला बॉल त्याच्यापर्यंत जायचा आणि तिथून लगेच परत यायचा, कारण त्याच्या आसपास दहा-पंधरा मीटरवर आपलं कुणी नव्हतं. मिकेल अर्टेटा डिसेंबर 2019 पासून या संघाचे प्रशिक्षक आहेत. सहाव्या वर्षी त्यांना हे विचारायलाच हवं. दर आठवड्याला 22 फटके अंगावर घेऊन कुणी लीग जिंकत नाही. त्यातही गेल्या हंगामात हेच युनायटेड पंधराव्या क्रमांकावर होतं.

पण हा प्रश्न तीन गुण खिशात घालून विचारता येतो, हे मला मावसभावाकडून ऐकायचंय. जिंकलेल्या संघाच्या चुका काढायला मी त्याच्याबरोबर रात्रभर बसेन. 3-3 बरी होती हे मात्र ऐकून घेणार नाही.

येत्या शनिवारी एमिरेट्सवर लीड्स आहे, नुकतीच वरच्या लीगमध्ये आलेली. इथे साडेपाच, तिकडे रात्री दहा. मी सुबिमेंडी आणि ग्योकेरेस यांच्यातलं अंतर पाहणार आहे, आणि बुकायो साका उजवीकडे बॉल घेऊन आत येतो तेव्हा पेनल्टी बॉक्समध्ये किती लाल सदरे पोचतात ते. तिथेही पोचले नाहीत, तर तक्रारीचा पहिला निरोप लंडनहून कोल्हापूरला जाईल.