छंद जोपासा, पावती जपून ठेवा

शाळा, क्लास आणि छंद यांचा मेळ बसत नाही, अशी तुमची तक्रार असेल, तर आधी एक सांगा: घरात वेळापत्रक कोण करतं? मूल? मग घोळ तिथेच आहे. आमच्या फ्रिजवर स्केचपेननं रंगवलेलं वेळापत्रक चिकटवलंय. निळी शाळा, हिरवा क्लास, लाल म्हणजे क्लासचा गृहपाठ, केशरी छंद. झोपेपर्यंत पेनं संपली, म्हणून ती पांढरी राहिली.

शाळेकडून फार अपेक्षा ठेवू नका. क्लासमध्ये झालेलं पुन्हा एकदा कानावरून जावं आणि डबा खायला चार मैत्रिणी मिळाव्यात, एवढ्यासाठी ती असते. बाईंनी धडा काढला आणि मुलगी म्हणाली, ‘हे आमचं झालंय’, की फी वसूल झाली असं समजा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नं शिक्षकांना खासगी शिकवण्या घ्यायला बंदी आहे. कायदा मोडू नये. आमच्या ओळखीत बाई घेत नाहीत, बाईंचे मिस्टर घेतात.

सरकारही आपल्या पाठीशी आहे. मुलांची झोप होत नाही म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नका असं सांगितलं. केवढी सोय झाली! 7 ते साडेआठ हा दीड तास आयता मोकळा मिळाला. आमच्या शेजारच्यांनी त्यात अबॅकस बसवलं. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या होत्या, की सोळा वर्षांखालच्यांना कोचिंगमध्ये घेऊ नका. आमच्या कोपऱ्यावर सहावीतली पोरं जातात, पण पाटीवर ‘फाउंडेशन’ लिहिलंय. पाया भरायला वयाची अट कशाला?

प्रवासाचा वेळ वाया घालवू नका. शाळेतून क्लासला जाताना मुलीला स्कूटरवर मागे बसवा, गणवेशावरच टी-शर्ट चढवा आणि हातात पोळीचा रोल द्या. लांब सिग्नलला आपण उगाच शिव्या देतो. नव्वद सेकंदांत एक अख्खी पोळी जाते.

आता छंद. तो हवाच. पण निवडताना मुलीला काय आवडतं ते विचारू नका. आमची म्हणाली, ‘मांजर.’ मांजराची परीक्षा नसते. गाण्याचं तसं नाही: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, अशा व्यवस्थित पायऱ्या आहेत. कुणी विचारलं, ‘गाते का?’ तर ‘प्रवेशिका पूर्ण झाली’ म्हणायचं. गाऊन दाखवायची वेळ येत नाही. पण आम्ही सगळा हिशेब करून चित्रकला घेतली. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. तिथे अ श्रेणी मिळाली की दहावीला 7 गुण जादा, ब ला 5, क ला 3. कलेची किंमत कळत नाही म्हणतात, ते खोटं आहे. आकड्यात कळते.

त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो. नावावरून तुम्हाला वाटेल, की पाहिलेलं आठवून काढायचं. छे! आठवत बसायला वेळ कुणाला आहे? क्लासच्या सरांनी सहा आकृत्या घटवून घेतल्या आहेत: पाटीवाली बाई, छत्रीवाला, पाठमोरे आजोबा, सायकलस्वार, वाकलेला मुलगा आणि कुत्रा. विषय मंडईचा आला की पाटीवाली पुढे घ्यायची, बसथांब्याचा आला की छत्रीवाला. जत्रा आली की सगळे आणि मागे पाळणा. कुत्रा कुठेही चालतो.

मागच्या आठवड्यात सरांनी सरावाला विषय दिला, ‘पावसात खेळणारी मुले’. बाहेर खरोखर धो धो पडत होता. खाली सोसायटीतली दोन कार्टी डबक्यात उड्या मारत होती, एकाची चप्पल वाहून चालली होती. मी न्यायला गेले तेव्हा मुलगी खिडकीला नाक लावून उभी. सर म्हणाले, ‘खिडकी लाव, कागद भिजेल.’ तिनं लावली. जागेवर येऊन वाकलेल्या मुलाला होडी सोडायला बसवलं. पाय जमेनात, म्हणून ते पाण्यात बुडवले. सरांचा शेरा: ‘छान. कुत्रा राहिला.’

एवढं सगळं बसवूनही आठवड्यात कुठेतरी फट राहतेच. तिच्यावर डोळा ठेवा. परवा रविवारी लाइट गेली, ऑनलाइन टेस्ट बुडाली आणि मुलगी सापडली गॅलरीत, उकिडवी बसलेली. कुंडीपासून उंबऱ्यापर्यंत मुंग्यांची रांग चालली होती आणि ही अर्धा तास ती बघत होती. एका मुंगीला साखरेचा दाणा झेपत नव्हता, तर दुसरी मदतीला येते का, म्हणून.

‘काय करतेयस?’

‘काही नाही.’

काळजात चर्र झालं. नशीब, आमचा आईबाबांचा ग्रुप जागा असतो. दहा मिनिटांत पत्ता मिळाला: निसर्गनिरीक्षण वर्ग, दर बुधवारी साडेसात ते साडेआठ, बंद हॉलमध्ये, शेवटी प्रमाणपत्र. मुंगीची आकृती काढून भागांना नावं द्यायची असतात. वही, पेन्सिल आपली न्यायची. भिंग फीमध्ये आहे, मुंग्या स्लाइडवर दाखवतात.