किती मापाचा कुत्रा दाखवू?

कुत्रा घ्यायचं नक्की झालं म्हणजे अवघड काम उरकलंच म्हणायचं. आता राहिलं फक्त माप. मोठा की छोटा? यासाठी अनुभवसिद्ध पद्धत अशी की, रात्री घरातल्या सगळ्यांना सोफ्यावर बसवावं, मोबाइल हातोहात फिरवावा आणि ज्या फोटोला सर्वांत मोठ्यांदा ‘अगं बाई, कित्ती गोड!’ ऐकू येईल, ती जात पक्की करून टाकावी. पहाटे साडेपाचला पट्टा धरून खाली कोण जाणार, असले प्रश्न त्या बैठकीत काढू नयेत. उगाच रंगाचा बेरंग होतो.

मोठाच घ्यायचा तर ग्रेट डेन घ्या, हात आखडता कशाला? नाव डेन्मार्कचं, घडला जर्मनीत, म्हणजे पाहुण्यांपुढे अक्कल पाजळायला पहिल्याच दिवशी विषय तयार. पूर्ण वाढलेला नर ५० किलोंच्या सहज पुढे जातो, पण घरी आणाल तेव्हा तो दोन महिन्यांचा असेल आणि मांडीत मावेल. हीच वेळ साधा. त्याला मांडीवर झोपायची आणि दारात आलेल्याच्या अंगावर पुढचे दोन पाय टाकायची सवय लावा. सगळे कौतुक करतील. वर्षभरात पिल्लाचा घोडा होतो, पण ही बातमी त्याला कुणीच कळवत नाही. तो जुन्याच मायेनं मांडीवर येऊन बसतो आणि तुमचे पाय मुंग्या येऊन बधिर होईपर्यंत उठत नाही.

शिवाय त्याची शेपटी. शेपटी कसली, चाबूक. तुम्ही घरी आलात की ती भिंतीवर फटाफट आपटायला लागते, टोक फुटतं, पण आनंद काही आवरत नाही. मग माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर, पांढऱ्या भिंतीवर, रक्ताचे बारीक शिंतोडे. बँडेज बांधावं तर ते दुसऱ्याच फटक्याला उडून सोफ्यामागे. पाहुण्यांनी भिंतीकडे टक लावून पाहिलं तर ‘काही नाही हो, आमचा खूश झाला होता,’ एवढंच सांगायचं आणि विषय बदलायचा.

कुणी म्हणेल, सेंट बर्नार्ड का नको? जरूर घ्या. आल्प्समधल्या मठाचा हा कुत्रा बर्फात अडकलेल्यांना शोधून काढायचा. त्यातला बॅरी नावाचा एक तर इतका गाजला की १८१४ मध्ये मेल्यानंतर त्याला पेंढा भरून बर्नच्या संग्रहालयात ठेवला. गळ्यातलं ब्रँडीचं पिंप मात्र एका इंग्रज चित्रकाराची १८२० ची करामत. तुमच्याकडे तो ना माणूस शोधणार, ना ब्रँडी आणणार. तो लाळ आणणार. मान झटकली की लाळेचा धागा भिंतीवर जिथे चिकटतो, तिथवर तुमचा हात पोचत नाही.

मोठ्या कुत्र्याचं आयुष्य कमी असतं, ग्रेट डेनचं साधारण ७ ते १० वर्षं. म्हातारपणी कंबर धरते, जिने चढवत नाहीत, मग त्याला चादरीत घालून दोघांनी उचलायचं. पण फोटो बघताना हे बोलायचं नसतं.

एवढं ऐकून घाबरलात? मग छोटा घ्या. छोटा कुत्रा म्हणजे जवळजवळ खेळणंच, असा तुमचा समज असेल तर तो जपा, कारण छोट्या जाती त्याच समजावर खपतात. चिवावा तीन किलोंच्या आतला. दात मात्र ४२, ग्रेट डेनच्या तोंडात असतात तेवढेच. एवढ्याशा जबड्यात ते दाटीवाटीनं कसेबसे बसतात, म्हणून लवकर खराब होतात. पण त्याआधी त्यांचा वापर होतो. मोठा कुत्रा गुरगुरला की लोक म्हणतात, याला शिस्त लावा. छोटा गुरगुरला की म्हणायचं, ‘राग आला का शोनूला?’ आणि उचलून कडेवर घ्यायचं. दोन महिन्यांत शोनूला पक्कं समजतं की, गुरगुरलं की वाहन मिळतं. पुढे तो वाहनालाच चावतो.

चिवावाचं आणखी एक सांगायचं राहिलं. तो १५-१६ वर्षंही जगतो. म्हणजे आज ज्या दहा वर्षांच्या पोरानं जमिनीवर लोळण घेऊन हट्ट केला, ते पोर शिकून, नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेलेलं असेल आणि शोनू तुमच्या पांघरुणात, तुमच्या अंगठ्यावर डोळा ठेवून असेल.

पगचं घोरणं ऐकून सगळे हसतात. तुम्हीही हसा, व्हिडिओ काढा. नाक इतकं चेपलेलं असतं की तो बिचारा नुसता श्वास घ्यायला धडपडत असतो, पण व्हिडिओत ते कुठे कळतं? डॅक्सहुंड माणसानं बॅजर नावाच्या रानटी प्राण्याच्या बिळात घुसण्यासाठी घडवला. घरात बॅजर नसल्यामुळे तो गादीत शोधतो. पाठ लांब, पाय आखूड, त्यामुळे सोफ्यावरून उड्या मारून मणक्यातली चकती सरकायची भीती कायमची. तरी त्याला सोफ्यावरच बसवा, पडद्याशी रंग जुळतो.

मोठा कुत्रा म्हणजे जास्त धावपळ आणि छोटा म्हणजे निवांत, हा हिशेबही सोडू नका. ग्रेहाउंड ताशी साठ-सत्तर किलोमीटरनं सुटतो खरा, पण घरी पाळलेला दिवसाचा बराचसा वेळ उताणा झोपून काढतो. कोल्ह्यांच्या मागे धावण्यासाठी जोपासलेला जॅक रसेल पाच-सात किलोंचा, आणि रात्री अकरालाही चेंडू तोंडात धरून पलंगाशी उभा. पण या गोष्टी स्वभावाच्या, आणि आपण माप विचारत होतो.

आमच्याही घरी बैठक झाली होती. बायकोचं मत छोटा, मुलीचं मोठा, माझं मत कुणी विचारलं नाही. तडजोड म्हणून लॅब्राडॉर आला. मध्यम, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. पट्टा अर्थातच माझ्या हातात आला. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की, लॅब्राडॉरपैकी जवळजवळ पाव हिश्शाच्या एका जनुकाचा तुकडाच गायब असतो, त्यामुळे त्यांना खा-खा सुटते. हे मी डॉक्टरांना ऐकवलं. ते म्हणाले, जनुकाचं नंतर पाहू, वाटी कोण भरतं? जंताच्या गोळ्या वजनावर ठरतात, तेव्हा आधी वजन सांगा.

एवढा कुत्रा घरच्या काट्यावर उभा राहत नाही. त्याला उचलून आपण काट्यावर चढायचं, आकडा पाहायचा, मग एकट्यानं चढायचं आणि वजाबाकी करायची. काल त्याला कवेत घेऊन चढलो. त्यानं खांद्यावर लाळ सोडली, मुलीनं वाकून आकडा वाचला: एकशे सव्वीस. आता एकट्यानं चढायला मी नकार दिला आहे, आणि त्यातले किती किलो कुणाचे हे ठरवायला सोफ्यावर पुन्हा बैठक बसली आहे.