कुंपण न हलवता शिष्य कसं व्हावं

येशूचं शिष्य व्हायचं म्हटलं की माणसं उगाच धास्तावतात. क्रूस उचला, सगळं विकून गरिबांना द्या, उंट आणि सुईचं नाकं... यातलं काहीही तुमच्या अंगावर येत नाही. वसईत उंट पाळतो कोण? धोका एकाच ठिकाणी आहे, सख्ख्या भावापाशी. तेवढी जागा सांभाळली की बाकीचं शिष्यत्व म्हणजे केळीच्या पानावर वाढलेलं ताट.

बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात ती मेख मारून ठेवली आहे. वेदीपाशी अर्पण आणलंत आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवायचं, आधी जाऊन समेट करायचा आणि मग परत यायचं. शब्द नीट बघा. तुमच्या मनात भावाविषयी काय आहे, हे येशू विचारतच नाही. भावाच्या मनात काय आहे, ते विचारतो. म्हणजे मोजणीत तुम्ही बरोबर निघालात, सात-बारा तुमच्या बाजूने बोलला, तरी सुटका नाही. बरं, ऐकणारे लोक गालीलातले आणि वेदी यरुशलेमात, तीनेक दिवसांची पायपीट. कोकरू वेदीपाशी ठेवा, तीन दिवस चालत घरी या, भावाला भेटा, पुन्हा तीन दिवस चाला. त्यांना निदान लांबची सबब होती. तुमचा भाऊ विहिरीच्या पलीकडे राहतो. पायात चपलासुद्धा घालायला नकोत. पंचाईत आहे ती इथं.

यावर उपाय आहे. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या आठवड्यात हा उतारा चर्चमध्ये शुक्रवारी वाचतात. शुक्रवारी बिनदिक्कत कामावर जा, तुमच्या आत्म्याची काळजी विरार लोकल घेईल. नऊ दिवस आधी, हा काळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, मात्र हजर राहा. त्या दिवशीचं शुभवर्तमान सांगतं, उपवास करताना तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका. ते ऐकून झाल्यावर कपाळावर राख घ्या आणि संध्याकाळपर्यंत पुसू नका.

लूकचा बारावा अध्याय तर तुमच्याच वाडीत घडल्यासारखा आहे. गर्दीतला एक जण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनाचा वाटा मला दे म्हणावं. येशू म्हणतो, मला तुमची वाटणी करायला कोणी नेमलं? झालं! खुद्द प्रभूने वाटणीपत्रातून अंग काढून घेतलं. पुस्तक इथंच मिटा. पुढच्याच ओळीत लोभाविषयी सावध करणं आहे, त्याखाली मोठी कोठारं बांधायला निघालेल्या आणि त्याच रात्री मेलेल्या श्रीमंताची गोष्ट आहे. ती शेतकऱ्यांसाठी. आपण तर वाडी बिल्डरला दिली.

क्षमेचा हिशेब येशूचा शिष्य पेत्र याने आधीच विचारून ठेवलाय: सात वेळा पुरे का? उत्तर आलं, सातच्या सत्तर पट. ४९०! वही घाला. मी घातली होती. पाइप कापला, पाणी वळवलं, फणसाची फांदी छाटली, आमच्या पाहुण्यांसमोर मुद्दाम कुत्रा मोकळा सोडला... १३७ पर्यंत आलो, तेव्हा बायकोने विचारलं, यातलं माफ किती केलंत? बायकांना वही दाखवू नये. त्याच ठिकाणी दोन चाकरांची गोष्ट येते. एकाला दहा हजार तालान्त माफ होतात. एक तालान्त म्हणजे सुमारे ६,००० दीनार आणि दीनार म्हणजे मजुराचा एक रोज, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. बाहेर पडून तो १०० दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. ही गोष्ट वाचताना गळा धरणारा कोण, या प्रश्नात शिरू नका. आपण म्हणजे तो गरीब सोबती, हे धरून चाला. कुसळ-मुसळाचंही तसंच.

‘स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना म्हणताना मात्र जपावं लागतं. मधेच ‘जशी आम्ही क्षमा करतो तशी आम्हांला कर’ अशी अट आहे. वकिलाला दाखवलीत तर तो या अटीवर सही करू देणार नाही. तिथं खोकला काढावा. सगळे एका सुरात म्हणत असतात, एकाचा ‘जशी’ गळला तर कोणाला कळत नाही.

मग मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, एकमेकांना शांती देण्याची वेळ येते. आपल्याकडे हात जोडून नमस्कार करतात, ही मोठी सोय आहे. हस्तांदोलनाला समोर माणूस लागतो, नमस्कार हवेतही सोडता येतो. भाऊ दोन बाक पुढे असेल तर आधी डावीकडच्या म्हातारीला, मग उजवीकडच्या पोराला, मग मागच्यांना करा. मागे वळून जरा रेंगाळा. तोपर्यंत पुढचं गीत सुरू होतं. भाऊही हेच करतो. एकदा आमची दोघांची वळण्याची वेळ चुकली. जोडलेले हात तसेच राहिले, दोघांनाही कुठं ठेवावेत ते सुचेना. त्यानंतर मी बाजूच्या दाराजवळ बसतो.

शेवटची अडचण आईची. तिच्या स्मृतिदिनाला तिच्या नावाने एकच मिस्सा सांगू नका, दोन सांगा: तुमची साडेसहाची, भावाची आठची. चर्चच्या ऑफिसात आधी विचारून घ्या, नाहीतर दोन्ही एकाच वेळेला पडतात. गेल्या वर्षी आमच्या तशा पडल्या. फादरांनी यादी वाचली, आईचं नाव घेतलं, पुढचं नाव घ्यायला खाली पाहिलं, थबकले आणि तेच नाव पुन्हा वाचलं.