तानसा ओव्हरफ्लो

आमच्या मुलीचं नाव तानसा. हे वाक्य मी गेल्या अडीच वर्षांत इतक्या वेळा बोललेय की आता पुढचं सगळं पाठ झालंय. समोरचा माणूस आधी "काय?" म्हणतो, मग "तनिषा का?" म्हणतो, मग "तानसा म्हणजे ते... धरण?" म्हणतो आणि मग माझ्याकडे असा बघतो की जणू मी पोरीचं नाव कसारा फास्ट ठेवलंय.

तर झालं असं. डिलिव्हरी जुलैत. त्याआधी महिनाभर बातम्यांत एकच रडगाणं, मुंबईची पाणीकपात, सात तलावांत किती साठा उरला, पाऊस कुठे अडकला. मुलगी झाली त्या सकाळी वॉर्डमधला टीव्ही आवाज बंद करून चालू होता आणि खाली पट्टी सरकत होती, तानसा तलाव भरून वाहू लागला. नेमकं तेव्हाच नर्सने बाळ नवऱ्याच्या हातात दिलं आणि बाळाने पाचव्या मिनिटाला त्याच्या नव्या शर्टावर धार सोडली. नवऱ्याने शर्टाकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं आणि म्हणाला, "तानसा."

ही खरी हकीकत आम्ही कुणाला सांगत नाही. लोकांना सांगायची वेगळी आहे आणि तीही खोटी नाही. नवऱ्याचं आजोळ वज्रेश्वरीच्या बाजूचं, तिथे तानसा नदीच्या काठाला गरम पाण्याची कुंडं आहेत, लहानपणी मे महिन्यात मामाकडे गेला की हा दिवसभर त्या नदीत. धरण नंतर, आधी नदी. पण हे समजावून सांगेपर्यंत लोक "धरण" या शब्दापाशी गाडी बंद करून बसलेले असतात.

आधी पत्रिका. गुरुजींनी सांगितलं हस्त नक्षत्र, तिसरं चरण, अक्षर ण. मी म्हटलं ण वरून काय ठेवायचं? पहिलीच्या पुस्तकातसुद्धा ण बाणाचा असतो, म्हणजे ज्यांनी अख्खी बाराखडी शिकवायचा धंदा केला त्यांनाही ण ने सुरू होणारी एक वस्तू सापडली नाही आणि तुम्ही माझ्या मुलीकडून ती अपेक्षा करताय? गुरुजी शांतपणे म्हणाले, ण आला तर न घ्यायचा. मग न वरून पत्रिकेपुरतं नलिनी ठरलं. चुलत सासूबाईंनी मध्येच सुचवलं की जरा अर्धा-पाऊण तास उशिराची वेळ लावा, चौथ्या चरणात ठ येतो, ठकू ठेवता येईल, आमच्या आत्याचं होतं. हे त्या चेष्टेने म्हणत होत्या की खरंच, मला अजून कळलेलं नाही.

सासूबाईंचा विरोध वेगळ्या पातळीवरचा होता. त्यांचं म्हणणं, पाण्याचं नाव ठेवू नये, पोर वाहून जाते. मी म्हटलं आई, तुमच्या आजीचं नाव गोदावरी, तुमच्या मावशीचं नर्मदा, तुमच्या शेजारच्या वहिनींचं कृष्णा, या सगळ्या कुठे वाहून गेल्या? तर म्हणे त्या मोठ्या नद्या. म्हणजे नदीलाही लायकी सिद्ध करावी लागते! मोठ्या नदीला घाट असतो, देऊळ असतं, कुंभमेळा असतो, तिचं नाव चालतं. जी बिचारी 1892 पासून मुकाट्याने मुंबईला पाणी पाजतेय तिचं नाव ठेवलं की पोरीचं लग्न कसं जमेल. (हो, बाराव्या दिवशी लग्नाची काळजी. अजून नाळ पडली नव्हती नीट.)

आणि गंमत म्हणजे याच घरात सासऱ्यांच्या काकांचं नाव धोंडू होतं. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू, भिकू ठेवायचे, नजर लागू नये म्हणून. तेव्हा कुणी विचारलं नाही की शाळेत पोरं चिडवतील का. चिडवतच असतील, पण धोंडो हे नाव घेऊन महर्षी कर्वे 1958 साली भारतरत्न झालेच ना. हे मी जेवताना बोलून दाखवलं तर सासरे भाताचा घास घेता घेता म्हणाले, "ते आधीपासून हुशार होते."

बारशाला नणंदेने अट घातली की कानात मीच सांगणार, तो आत्याचा मान. मी म्हटलं घ्या की. गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या झालं, पाळण्याखालून देवघेव झाली, नणंद कानाशी वाकून कुर्रर्र करून काहीतरी पुटपुटली आणि बायकांनी तिच्या पाठीत मनसोक्त धपाटे घातले. मला त्यातले काही धपाटे नावावरचा राग काढायला घातल्यासारखे वाटले, पण पाठ तिची होती म्हणून मी घुगऱ्या वाटायला निघून गेले. भिंतीवर थर्माकोलची अक्षरं होती. सजावटवाल्या मुलाने ती लावून झाल्यावर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, एक अक्षर राहिलंय का?"

बिल्डिंगमधला सगळ्यात अभ्यासू आक्षेप तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. ते पाणीखात्यातून रिटायर झालेत आणि पावसाळ्यात रोज सकाळी पेपरातला तलावांचा तक्ता इतर लोक राशिभविष्य वाचतात तसा वाचतात. त्यांना नावाचा त्रास नव्हता, तांत्रिक मुद्दा होता. "आपण डोंबिवलीत राहतो. आपल्याला तानसाचं पाणी येतच नाही. आपलं उल्हास नदीचं." मी म्हटलं काका, मग मुलीचं नाव उल्हास ठेवू? तर म्हणाले, "उल्हास हे पुरुषाचं नाव आहे." बघा म्हणजे. नदीचं नाव पुरुषाला दिलं तर ते पुरुषाचं नाव होतं, नदीला परत मागायची सोय नाही. मी तरी सोडतेय होय, मी विचारलं मोडक सागर कुणाच्या नावाने आहे? काका ताठ बसले. म्हणाले मोडक साहेब, मुंबई पालिकेचे इंजिनिअर, मोठा माणूस. मी म्हटलं मग माणसाचं नाव तलावाला चालतं तर तलावाचं नाव माणसाला का नाही? काकांनी बराच वेळ विचार केला आणि चहा मागितला. पण जाता जाता म्हणालेच, "दुसरी झाली तर तुळशी ठेवा, ते छान वाटेल. भातसा नको."

आता मी फार मोठ्या मनाची आहे असं नाही. आमच्या विंगमध्ये गेल्या तीन वर्षांत रेयांश, कियांश, वियांश आणि अजून एक कुणीतरी अंश जन्माला आलाय आणि प्रत्येक बारशाहून घरी आल्यावर मी चप्पल काढायच्या आत नवऱ्याला म्हणालेय की सगळे अंशच आहेत, छेद कुठे ठेवलाय कुणास ठाऊक, पूर्णांक तर एकही नाही. मायरा दोन आहेत, एक आपली आणि एक बी विंगमधली, खाली खेळायला हाक मारली की दोघी येतात. हे सगळं मी बोलते आणि मग लिफ्टमध्ये त्यांच्या आया भेटल्या की त्या ज्या नजरेने माझ्याकडे बघतात त्यावरून त्याही घरी जाऊन काय बोलत असतील याचा मला पूर्ण अंदाज आहे. हिशोब बरोबरीचा आहे.

एकाच माणसाने काही म्हणून विचारलं नाही, जन्मदाखल्याच्या खिडकीवरच्या क्लार्कने. आधी नोंद झाली होती, नाव नंतर टाकायला गेलो. त्याने फॉर्म बघितला, स्पेलिंग विचारलं, "नीट बघून घ्या, नंतर बदलायचं तर गॅझेट करावं लागतं" म्हणाला आणि पुढचा नंबर पुकारला. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. कारण त्याच आठवड्यात एका न्यूमरॉलॉजीवाल्या मावशींनी शेवटी अजून एक ए लावायला सांगितला होता, लसीकरणाच्या कार्डावर तान्या लिहून आलं होतं आणि नवऱ्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं की वॉटरप्रूफ आहे का.

डायपरवरून जे विनोद झाले ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की दर जुलैत किमान अकरा लोक मला "तानसा ओव्हरफ्लो" ही बातमी फॉरवर्ड करतात आणि प्रत्येकाला वाटतं हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं.

मागच्या भाऊबीजेला नणंद आली होती. जेवणं झाली, भांडी आवरताना ती अचानक म्हणाली, "वहिनी, एक सांगू? रागवू नकोस. मी तेव्हा कानात तन्वी म्हणाले होते."

मी पातेलं खाली ठेवलं. म्हणजे पत्रिकेत नलिनी, कानात तन्वी आणि दाखल्यावर तानसा. एवढी नावं तर बँकेच्या केवायसीत बसत नाहीत. मी रागवणार होते, पण नवरा म्हणाला थांब, बघू तरी कुठलं नाव लागलंय. हॉलमध्ये ती ठोकळे लावत बसली होती. नणंदेने लाडात हाक मारली, "तन्वीऽऽ". ढिम्म. मी हाक मारली, "तानसा!" ढिम्म. सासूबाईंनी आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला, ती उठून गेली.

यंदा जुलैत बिल्डिंगची मोटर जळाली आणि दोन दिवस नळाला थेंब नव्हता. तिसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीत पेपर घेऊन उभे. या माणसाने दीड महिना खपून पोरीला काय शिकवलंय ते मला तेव्हा कळलं. खालून ओरडले, "तानसाऽ, आज किती?"

ही आमच्या ग्रिलला लटकून, अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशी, "शंभल तक्केऽऽ!"

खाली सगळे बादल्या घेऊन टँकरच्या लाइनीत उभे होते. त्यांनी एकदम वर बघितलं.