निळा सांगितला, निळा लिहिला

तीन आठवड्यांचं काम काल पाठवलं. तक्रार नोंदवल्यापासून ती सुटेपर्यंत किती दिवस जातात, त्याचा हिस्टोग्राम, म्हणजे किती दिवसांत किती तक्रारी सुटल्या ते उभ्या खांबांनी दाखवणारा आलेख. साहेबांचं उत्तर आलं एका ओळीत: "छान. खांब जरा निळे करा ना." काय छान, ते नाही. असो.

मी 'आर' ही आकडेवारीची संगणकभाषा वापरते, आलेख तिच्यातल्या जीजीप्लॉटने काढते, आणि इतकी वर्षं होऊनही रंगाशी माझं काही जमलेलं नाही. आधी 'कलर' म्हणून निळा दिला. खांब राखाडीचे राखाडी, भोवती निळी किनार. इथे कलर म्हणजे किनार आणि पोटातला रंग म्हणजे 'फिल', हे मी दर वेळी नव्याने शिकते. मग फिल लिहिलं, पण घाईघाईत एईएसच्या कंसात, म्हणजे आकड्यांतलं काय आलेखात कसं दाखवायचं ते जिथे सांगतात तिथे. रन केलं. खांब लाल! लाल तरी धड कुठे, ताप येऊन गेल्यासारखा फिकट. आणि शेजारी लेजंडमध्ये, म्हणजे कोणता रंग कशाचा ते सांगणाऱ्या चौकटीत, ठसठशीत अक्षरांत: ब्लू.

सासरे मागे पेपर वाचत होते.

"लाल केलंस होय?"

"निळा केलाय, बाबा."

ते उठून आले. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा उतरवला. "हा निळा?"

"म्हणजे दिसतोय लाल. पण मी निळाच सांगितलाय."

"लिहिलंय खरं त्याने निळा." लेजंडवर बोट टेकवलं, स्क्रीनवर ठसा उमटला. "म्हणजे त्याला ऐकू आलंय."

"हो."

"ऐकू येऊन लाल केलंय."

यावर काय बोलणार? ते खुर्ची ओढून बसलेच. "मोतीबिंदू काढल्यापासून मला निळा फार स्वच्छ दिसतो. डॉक्टर म्हणाले, जुनी भिंगं पिवळी पडली होती. तेव्हा निळ्याचं काही असलं तर मला विचारत जा. हा निळा नाही."

"मला दिसतंय हो, बाबा."

"तसं नाही, तूही एकदा डोळे तपासून घे. आणि तोवर ते बंद करून चालू कर."

मी केलं. चिडलेला माणूस काहीही करतो.

तासाभराने डोक्यात उजेड पडला. एईएसच्या कंसात शब्द दिला की त्याला तो रंग वाटतच नाही. त्याला वाटतं, 'ब्लू' नावाचा एक गट आहे. मग या गटाला तो आपल्या रंगचक्रातला पहिला रंग देतो. ते चक्र १५ अंशांवर सुरू होतं, आणि तिथे हा तापातला लाल बसलाय. कंसाबाहेर लिहिलं असतं तर मुकाट निळा झाला असता.

आणि एरर? एक अक्षर नाही. खांब किती पाडायचे ते मी सांगितलं नव्हतं, तर '३० धरलेत, बरा आकडा निवडा' असा सल्ला मात्र आवर्जून छापला. निळ्याचं लाल केलं, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने १८९० च्या दशकात हिस्टोग्राम हा शब्द रूढ केला, तेव्हा निदान निळ्या दौतीत टाक बुडवला की निळंच उमटत असणार.

शेवटी फिल कंसाबाहेर काढलं, निळा आला, पाठवला. साहेबांकडून अंगठा आला. त्या आलेखाला दोन उंचवटे आहेत: एक दुसऱ्या दिवशी, दुसरा थेट तिसऱ्या आठवड्यात. तीन आठवडे मी त्या दुसऱ्यासाठी घालवले होते. अंगठ्याखाली दोन्ही गेले.

"आता निळा," बाबांनी पसंतीची मान हलवली. मग पुढे वाकून, "पण हा पलीकडचा डोंगर कशाचा गं?"

मी खुर्ची वळवली आणि अगदी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. तिसऱ्या मिनिटाला त्यांना डुलकी लागली. विचारलं तरी होतं.