भाड्याची मंगळागौर

आज एका परिचितांकडच्या मंगळागौरीहून आले आणि डोके अजून तापलेले आहे. एकसारख्या नऊवारी नेसलेला ग्रुप पैसे देऊन बोलावलेला, तो झिम्मा, पिंगा, आगोटा-पागोटा सगळे चोख करून दाखवत होता आणि दोन्ही घरच्या बायका खुर्च्यांवर बसून मोबाईलवर चित्रीकरण करत होत्या. नवरी मुलगीसुद्धा!

माझ्या आत्याची कंबर बारमाही धरलेली असे. पाण्याचा तांब्या हवा असला तरी ती आम्हा मुलांना हाक मारी. पण श्रावणातल्या जागरणात गाणी सुरू झाली की पदर खोचून तीच आधी उठे, आणि जिच्याशी तिचा बारा महिने अबोला असे त्याच जावेचे हात धरून फुगडी घाली. फुगडीत मागे झुकलेल्या बाईचा सगळा भार समोरचीच्या मुठीत असतो. तिथे अबोला कसला टिकतो? पहाटेपर्यंत दोघी एका ताटात फराळ करत असत.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या मुलामुलींना गटागटाने नाचवले आणि दंडावर रक्तदाबाचा पट्टा फुगवत नेऊन कळ कितपत सोसते ते पाहिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, एका तालात एकच हालचाल करणाऱ्यांची सोशिकता वाढली आणि एकमेकांविषयीची जवळीकही. शरीरातच तयार होणारी एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्ये यामागे असावीत, असे ते मानतात. आत्याला हे कोणी सांगायची गरज नव्हती.

तिची कंबर त्याने बरी झाली नाही, दुसऱ्या दिवशी ती शेकत बसलेली असे, हे मान्य. या ग्रुपांमुळे निदान खेळ तरी टिकले, हेही मान्य. नोकरी करून दमलेल्या त्या मुलीवर तर माझा रागच नाही. तिला कोणी हात धरून उठवलेच नाही.

पण "आमचे गुडघे दुखतात हो" म्हणणाऱ्यांनी ऐकावे: त्याच प्रयोगात काही गट बसूनच नुसते हात हलवत होते, आणि ताल जुळला तेव्हा त्यांचीही सोशिकता वाढली. म्हणजे खुर्चीत बसूनही टाळ्या देता आल्या असत्या! मोबाईल मात्र खाली ठेवावा लागला असता.

पुढच्या मंगळवारी आमच्याकडे जागरण आहे. ग्रुप सांगितलेला नाही. जरीची साडी नेसून येऊ नका आणि फुगडीसाठी बांगड्या काढून ठेवा, मनगटावर ओरखडे उठतात.